दोन सूत

३ फेब्रुवारी, सोमवार

वन्संना व्हिजिटिंग कार्ड हवंय. वन्संना! दुपारी प्रेसमध्ये येऊन काउंटरसमोर उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकासारख्या. मला वाटलं घरून काही निरोप आहे. तर म्हणतात, "वहिनी, पाचशे कार्डं छापायचीयत. माझी."

माझी म्हणे!

चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकलं तेव्हा एक बॅग घेऊन आल्या, चार दिवसांसाठी. ते चार दिवस अजून चाललेत. स्वयंपाक, धुणं, आणि सासूबाईंचा पाय. आता बाईसाहेब धंदा करणार. कसला, तर म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची नखं कापायची, भेगा घासायच्या, कुरूप काढायचं, जखम असली तर पट्टी करायची. "ज्यांना वाकता येत नाही ना, त्यांच्यासाठी."

मी म्हटलं, "म्हणजे दारोदार जाऊन लोकांचे पाय धरणार!"

हसल्या. लागलं तरी हसतात, जुनी खोड आहे.

खरी गोष्ट शेवटी सांगितली. खोली बघून ठेवलीय, बाजाराच्या मागे. घरमालकीण दहा मार्चपर्यंत थांबायला तयार आहे. तोवर दहा घरं मिळाली तर वन्सं खोली घेणार आणि इथून जाणार. नाही मिळाली तर नाही. "स्वतःच्या पायावर उभं राहून बघते एकदा."

ह्यांना काय, बहिणीचं कौतुक! "छाप गं, घरचंच काम आहे." ह्यांच्या डोक्यात एकदा तरी आलं का, की दहा मार्चनंतर आईचा पाय कोण धुणार? घरात बाई म्हणून उरतंय कोण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहूनच टाकते. मला तो पाय बघवत नाही.

सासूबाईंना साखर. सहा वर्षं डाव्या तळव्याला जखम आहे, कधी भरते, कधी उघडते. वन्सं रोज सकाळी स्टुलावर बसतात, घमेल्यात कोमट पाणी घेतात, एकेक बोट वेगळं करून मधली जागा बघतात, पुसतात, पट्टी बांधतात. वास येतो. वन्सं नाकही मुरडत नाहीत. वर आईशी गप्पा मारतात! एकदा त्या तापाने पडल्या होत्या तेव्हा मी करायला गेले. पट्टी सोडली आणि मोरीत जाऊन ओकले. सासूबाई म्हणाल्या, "राणीसरकारना त्रास झाला वाटतं." तेव्हापासून मी त्या खोलीत चहा ठेवायला जाते, तेवढंच.

वन्सं गेल्या की घरात मी आणि तो पाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कार्डाची साइज ठरवायला बसलो. हे म्हणाले, पावलाच्या आकाराचं कापूया, पाच बोटांसकट! स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. वन्संना चौकोनी आवडलं होतं, कुठल्याशा दवाखान्याचं बघितलेलं. मग म्हणाल्या मोठं करूया, म्हाताऱ्यांना नीट दिसेल. मग म्हणाल्या दुमडणारं?

साइज मला विचारा. सत्तावीस वर्षं ह्या काउंटरवर आहे. कार्ड जितकं मोठं तितका धंदा लहान, हे माझं शास्त्र. एका विमा एजंटाने पोस्टकार्डाएवढं छापून घेतलं होतं. महिन्याभरात त्याची कार्डं समोरच्या चहावाल्याकडे, ओल्या कपांखाली. चौकोनी टेबलावर देखणं दिसतं, पण पाकिटात शिरत नाही. आणि जे पाकिटात शिरत नाही ते केराच्या टोपलीत शिरतं. दुमडणारं? ज्याला स्वतःच्या पायापर्यंत वाकायचा कंटाळा तो कार्ड उघडायचे कष्ट घेणार होय!

"साडेतीन बाय दोन इंच," मी म्हटलं. "जगात चालतं ते. डावीकडे पावलाचं चित्र. नाव मध्यम. फोन नंबर सगळ्यात मोठा, उजवीकडे, कडेपासून तीन मिलीमीटर सोडून."

"वहिनी, तुम्ही होता म्हणून," वन्सं म्हणाल्या. डोळ्यांत पाणी. मी खरंच चांगला सल्ला दिला होता. आजच्यापुरती तरी मी सरळ वागले, हे नोंदवून ठेवते.

८ फेब्रुवारी, शनिवार

छापून झाली. अजून कापायची आहेत. वन्संनी शीट हातात घेतलं, आपल्या नावावरून बोट फिरवलं. दोनदा. "शाई पुसेल," मी म्हटलं. सुकली होती, पण म्हटलं.

डॉक्टर, वकील, बिल्डर, भटारी, कोणाकोणाची नावं मी ह्या हातांनी लावली. माझ्या नावाचं कार्ड कधी छापावंसं वाटलं नाही कुणाला. मलाही नाही. आणि ही नखं कापणारी! आर्ट कार्डावर! तीनशे जीएसएम!

पोटात दुखतं. दुखतं म्हणूनच लिहितेय, दुसरीकडे कुठे बोलू?

१० फेब्रुवारी, सोमवार

आज जे केलं ते सविस्तर लिहिते.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने वन्संना शब्द दिलाय. महिन्याची औषधं नेणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तो प्लास्टिकचं एक पाकीट देतो, कुठली गोळी कधी घ्यायची त्याचा तक्ता असतो त्यात. त्याला बाहेरून छोटा कप्पा आहे. त्या कप्प्यात वन्संचं कार्ड घालून देईन म्हणाला. भला माणूस. पण साडेतीन इंची कार्ड त्या कप्प्यात जात नाही. दोन मिलीमीटर अडतं. वन्सं शाळेची पट्टी घेऊन मोजून आल्या होत्या. "चित्र डावीकडे आहे ना, मग उजवीकडून दोन कमी केले तर?"

बरोबर होतं. नंबरापुढे तीन मिलीमीटर मोकळे आहेत, दोन गेले तरी एक उरतो. आम्ही दोघी मागे कटिंगला गेलो.

आता आमच्या प्रेसची गंमत. कंप्युटरवर सगळं मिलीमीटरमध्ये. पण कटिंगला ब्लेडमामा. सासऱ्यांच्या काळापासूनचे. त्यांना मिलीमीटर कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. "ते शाळेतल्या पोरांचं. आपलं सूत." इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. मामांना नुसता आकडा सांगितला की तो सूतच. ह्या दोघांच्या मध्ये मी. दिवसातून वीसदा मी मिलीमीटरचं सूत करून सांगते, सुताचं मिलीमीटर. झोपेत विचारलं तरी चुकणार नाही.

मामांनी गठ्ठा लावला, मला विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "उजवीकडून दोन घ्या."

तोंडातून सवयीने गेलं, असं लिहिणार होते. पण मामांनी पुन्हा विचारलं, "दोनच ना, बाई?" आणि तेव्हा मला लख्ख कळलं होतं की मामांचे दोन म्हणजे सहा मिलीमीटरच्या वर. तीन मोकळे, आणि वरचे तीन आकड्यात. वन्सं शेजारी उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मी म्हटलं, "दोनच."

मामांनी ब्लेड खाली आणलं. पाचशे कार्डं, पाच खेपा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेला! शेवटचा आकडा अख्खा गेला, अगदी स्वच्छ. वन्संचा नंबर सात सात ने संपतो. एक सात कचऱ्यात, एक सात कार्डावर. बघणाऱ्याला काही चुकलंय असं वाटतसुद्धा नाही. मी तीनदा मोजले. नऊच.

वन्संसमोर गठ्ठा ठेवला. चौदा वर्षं आमची प्रुफं ह्याच वाचतात, वेलांटी चुकली तर पकडतात. त्यांनी कार्ड उचललं, नंबराखाली बोट धरलं आणि मोठ्याने म्हटला. सगळे दहा आकडे! सात, सात. बोट कडेला जाऊन थांबलं आणि तोंड पुढे गेलं. वाचल्या कुठे, पाठ म्हटल्या.

"कप्प्यात किती छान बसतं बघा, वहिनी." पहिलं कार्ड मला दिलं. मी पर्समध्ये ठेवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

औषधवाल्याकडे तीनशे कार्डं पोचली. उरलेली वन्सं स्वतः वाटत फिरतायत, दवाखान्यात, बागेतल्या बाकांवर. पायात जुन्या चपला. दुसऱ्यांचे पाय बघणार म्हणे!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही.

वन्संनी मोबाईल गळ्यात अडकवलाय. मोरीत जाताना साबणाच्या फळीवर ठेवतात. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून बघतात. मी अधूनमधून विचारते, "आला का हो?" काळजीने विचारावं तसं. "नाही अजून." "येईल, येईल. लोकांना घाई नसते." आणि वळून हसते. आज भांडी विसळताना हसू आवरेना, नळ मोठा सोडला.

वाचणारं कुणी नाही म्हणून लिहिते. बरं वाटतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात एखादी गोष्ट माझ्या मनासारखी चाललीय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना विषय निघाला. हे म्हणाले, "पाय म्हटलं की माणूस लाजतो गं. परक्या बाईपुढे कसा काढेल?" सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, कान शाबूत आहेत अजून! "मी तेव्हाच म्हटलं होतं. नवऱ्याला नको झाली ती लोकांना कशाला हवी? पांढऱ्या पायाची!"

सख्खी आई. जिचा पाय सहा वर्षं मांडीवर घेतला ती. मलाही घास गिळवेना, पण मी गिळला. वन्सं उठल्या, आईला पाणी देऊन आल्या. परत बसल्या, भात कालवत राहिल्या. खाल्ला नाही.

सासूबाईंना भीती वाटते, मला कळतं. लेक जाईल म्हणून त्या तिला चावतात. मी निदान चावत नाही. मी नुसती गप्प आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

औषधं आणायला मीच गेले. आता मीच जाते, वन्संना म्हटलं, "तुम्ही फोनपाशी थांबा." औषधवाला म्हणाला, "ताईंचा नंबर लागत नाही म्हणून दोघा-तिघांनी सांगितलं." मी म्हटलं, "फोन दुरुस्तीला दिलाय. पाकिटात कार्डं घालायची सध्या थांबवा, आम्ही सांगू." "बरं," म्हणाला. सज्जन माणसाला फसवायला अक्कल लागतच नाही.

दोन-तीन म्हणजे तिनाची दहा व्हायला किती वेळ लागला असता!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक बाई थेट प्रेसमध्ये! कार्डाच्या मागे तळाला आमचं नाव आहे ना, बारीक. भिंग लावून वाचलं म्हणाली. शाळेत शिक्षिका होती, निवृत्त. काठी. एका पायात बूट, दुसऱ्यात नवऱ्याची सपात, अंगठ्याचं नख मांसात गेलंय म्हणून. दोन बस बदलून आली होती.

"ह्या बाईंचा फोन काही लागत नाही. नऊच आकडे आहेत, मोजलेत का तुम्ही?" शिक्षिकाच ती! "छापताना चूक झाली असणार. बरोबर नंबर देता का? नाहीतर घर कुठे ते सांगा."

वन्सं घरी होत्या. प्रेसपासून घर चालत सात मिनिटं.

मी म्हटलं, "त्यांनी ते काम सोडलं हो."

ती स्टुलावर बसून राहिली जराशी. "अरेरे," म्हणाली. "कार्ड वाचून इतकं बरं वाटलं होतं." उठताना काउंटर धरला. मी पाणी विचारलं. नको म्हणाली. पायऱ्या उतरायला तिला किती वेळ लागला ते मी बघितलं नाही, पावतीपुस्तक उघडून बसले.

ब्लेडमामा मागून बघत होते. "कोण होती?" "पत्ता चुकली होती."

१ मार्च, शनिवार

फोन नाही. वन्संनी गळ्यातला मोबाईल काढून फडताळावर ठेवला.

४ मार्च, मंगळवार

वन्सं आज माझ्याजवळ येऊन बसल्या. मी कपडे घडी करत होते. मग, "वहिनी, कार्डातच काही चुकलं असेल का हो? साइज? म्हणजे, आपण उगाच कमी केली का?"

समोर ताट वाढून आलं होतं. "नंबर बघा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सहा दिवस बाकी होते.

मी म्हटलं, "कार्डात काय चुकायचंय? कार्ड माणसाला दारापर्यंत नेतं, वन्सं. आत बोलवायचं की नाही ते लोक माणूस बघून ठरवतात."

मान हलवली. "खरंय." माझ्या हातातली चादर घेतली, दुसरं टोक धरलं, आम्ही दोघींनी मिळून घडी घातली.

माझ्याइतकी दुष्ट बाई मी पाहिलेली नाही. ते वाक्य मला आधीच सुचून तयार होतं!

१० मार्च, सोमवार

संपलं. वन्सं सकाळी जाऊन घरमालकिणीला नाही म्हणून आल्या. परतल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. कांदा चिरायला घेतला. ह्यांनी पाठीवर हात ठेवला, "जाऊ दे गं, आपलं घर आहेच की." सासूबाई खुश! दोनदा चहा मागितला.

मी जिंकले. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही, कुणी मला नाव ठेवलं नाही. साप मेला, काठीही शाबूत. संध्याकाळी स्वतःसाठी चपला घ्यायला गेले. एकही पायाला बसेना, तशीच परत आले.

११ मार्च, मंगळवार

सकाळी आठ वाजले, नऊ वाजले, आतून सासूबाईंच्या हाका. "पाणी कुठाय? पट्टी कुठाय?" वन्सं ओट्यापाशी. मी म्हटलं, "वन्सं, आई बोलावतायत."

वन्सं म्हणाल्या, "मी नाही करणार आता. माझ्या हाताला यश नाही, वहिनी. इतक्या लोकांतून एकालाही हे हात नकोसे वाटले, तर काहीतरी असेलच ना. आईची जखमही सहा वर्षांत कुठे भरली? ह्यापुढे कुणाच्याच पायाला हात लावायचा नाही मी."

रडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या खरंच तसं मानतात! मी त्यांना तसं मानायला लावलं आणि त्यांनी मानलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

धुतला. ओकले नाही. तोंडाने श्वास घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या हाताला भार नव्हता. तुझा हात म्हणजे दगड."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

१५ मार्च, शनिवार

करंगळीशेजारचं बोट निळसर दिसतंय. की आधीपासून तसंच होतं? मला काय ठाऊक! मी कधी बघितलं होतं? वन्संना विचारलं. दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवा." आत पाऊल टाकलं नाही.

डॉक्टरांनी बघितलं. "अजून वेळ गेली नाही, पण रोज नीट बघायला हवं. आतापर्यंत जे कोणी बघत होतं त्यांनी फार चांगलं सांभाळलंय." वन्सं बाहेर होत्या. मी ते वाक्य घरी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तेवढ्यानेसुद्धा त्या परत बसल्या असत्या पायाशी. पण मला तोंडच उघडता येईना. त्यांचं भलं करणारं वाक्य माझ्या जिभेवर येतच नाही आता.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर त्या जातील आणि पाय माझ्याकडे. नाही सांगितलं तर त्या आहेत आणि पाय माझ्याकडेच.

१७ मार्च, सोमवार

आज वन्सं औषधं आणायला स्वतः गेल्या. मला कळलं तेव्हा परतल्याही होत्या. पण काही बोलल्या नाहीत. गोळ्या डब्यांत भरल्या, तक्ता तपासला, ताक दिलं मला. माझ्याकडे एकदोनदा बघितलं, नेहमीसारखंच.

कळलं असतं तर बोलल्या असत्या ना! मनात ठेवणाऱ्या नाहीत त्या. मनात मी ठेवते.

१९ मार्च, बुधवार

उपाय सापडला! एक फोन. फक्त एक. एका फोनने कुणाला खोली घेता येत नाही, पण हातांवरचा विश्वास परत येतो. मग सासूबाईंचा पाय आपोआप जागच्या जागी!

कागदवाल्याकडे आर्ट कार्ड बघायला गेले होते. त्याच्या दुकानातला फोन मागितला. तो गोदामात गेला तशी तोंडावर रुमाल धरला, आवाज म्हातारा केला. वन्संचा नंबर पाठ आहेच.

"अहो, तुम्ही पायांचं बघता ना? औषधाच्या पाकिटात तुमचं कार्ड मिळालं बरं का. मुलगी पुढच्या आठवड्यात येतेय, मग बोलावते तुम्हाला. तुमच्या हाताचं फार नाव ऐकलंय हो."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं कट झाला. मग वन्संचा आवाज, अगदी हळू, "कार्डावरचा नंबर बघूनच लावलात का फोन?"

"हो हो! हे काय, समोरच धरलंय कार्ड."

"बरं झालं फोन केलात," म्हणाल्या. "मला कळायलाच हवं होतं."

आवाज भरून आला होता. मलाही गहिवरून आलं, काय सांगू! दीड महिन्यात पहिल्यांदा मी त्यांचं काहीतरी चांगलं केलं. घरी आले तर वन्सं आईच्या खोलीत. पायाशी बसल्या होत्या, एकेक बोट बघत. गळाला लागल्या!

२० मार्च, गुरुवार

सकाळी घमेल्यात पाणी मीच आणलं, वन्संना द्यायला. त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात बॅग. माझ्यासमोर कार्ड धरलं.

"सोमवारी औषधवाला दुकानात नव्हता, त्याच्या पोराने सांगितलं, ह्या नंबरवर कुणाचाच फोन लागत नाही म्हणून. मोजले तर नऊच आकडे. म्हटलं, मामांच्या हातून गेलं असेल. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही इतक्या हौसेने करून दिलं होतंत, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबले होते मी."

सासूबाई आतून विचारत होत्या, कोण आलंय.

"काल आवाज लगेच ओळखला. कार्ड समोर धरून फोन केलात ना? मग शेवटचा सात कुठून आणलात, वहिनी?"